विश्लेषण : कागद नसलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ काय देऊ शकते?

४ जून २०२५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एक खटला दाखल झाला आणि त्याच दिवशी निकालीही निघाला. वर्षानुवर्षे पुढची तारीख घेऊन घरी परतण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना हे खरे वाटणार नाही. फिर्यादी होते अमेरिकेचे केंद्रीय न्याय खाते आणि प्रतिवादी होते टेक्सास सरकार. केंद्र म्हणाले, तुमचा २००१ चा कायदा केंद्रीय कायद्याच्या विरोधात आहे. राज्य म्हणाले, मान्य. न्यायाधीशांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्या मुलांचे शिक्षण या कायद्यावर चालले होते, त्यांचे म्हणणे मात्र कोणी ऐकून घेतले नाही.

टेक्सासमध्येच शाळा शिकून बारावी झालेल्या, पण देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा नसलेल्या मुलांना राज्यातल्या इतर मुलांइतकीच फी लावणारा हा कायदा होता. असा कायदा करणारे टेक्सास हे अमेरिकेतले पहिले राज्य. त्यावर सही केली होती रिपब्लिकन पक्षाच्या रिक पेरी यांनी. चोवीस वर्षे टिकलेली सवलत काही तासांत गेली.

अमेरिकी विद्यापीठे अशा विद्यार्थ्यांसाठी केंद्रे चालवतात, समुपदेशक नेमतात, पत्रके काढतात. या सगळ्याचा गवगवा बराच होतो. पण त्यातले कायद्याने मिळालेले किती आणि कुणाच्या तरी मर्जीवर उभे असलेले किती, हे वेगळे करून पाहायला हवे. अमेरिकेत मुले असलेल्या मराठी घरांनी तर नक्कीच. ‘आम्ही रीतसर आलो, आमचा याच्याशी काय संबंध’ असे म्हणणाऱ्या घरांचाही संबंध कसा येतो, ते पुढे पाहू.

‘अनडॉक्युमेंटेड’ म्हणजे नेमके कोण?

शब्द फसवा आहे. या मुलांकडे कागद नसतात असे नव्हे. जन्मदाखला असतो, लसीकरणाचे कार्ड असते, शाळेच्या गुणपत्रिका असतात. नसते ती एकच गोष्ट : अमेरिकेत राहण्याची कायदेशीर परवानगी. कुणी आईच्या कडेवर बसून सीमा ओलांडलेली असते. कुणाचे कुटुंब पर्यटक व्हिसावर विमानाने येऊन मुदत संपल्यावर तिथेच राहिलेले असते. अनेकांना आपली ही स्थिती कळते ती सोळाव्या-सतराव्या वर्षी. वाहन परवान्याचा किंवा कॉलेजचा फॉर्म भरताना सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा रकाना येतो, आणि आईवडील गप्प होतात.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत असे विद्यार्थी चार ते पाच लाखांच्या घरात असावेत, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. अशा स्थितीत राहणारे एकूण भारतीय किती, यावर मात्र एकमत नाही. प्यू या संशोधन संस्थेने २०२१ साठी सव्वासात लाखांचा आकडा दिला, तर अमेरिकी गृहसुरक्षा खात्याने २०२२ साठी सव्वादोन लाखांच्या आसपासचा. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकी लष्कराचे विमान अमृतसरला उतरले, तेव्हा त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते.

शाळेचा हक्क आहे, मग कॉलेजचा का नाही?

याचे उत्तर टेक्सासमधल्याच टायलर या गावात सापडते. १९७५ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि अशा मुलांसाठी शाळांना पैसे देणे बंद केले. १९७७ मध्ये टायलरच्या शाळांनी प्रत्येक मुलामागे वर्षाला हजार डॉलर मागितले. चार मेक्सिकन कुटुंबे न्यायालयात गेली. न्यायालयात जायचे म्हणजे आपण बेकायदा राहतो हे जाहीर करायचे. म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी भल्या पहाटे ठेवली. तिथूनच उचलून देशाबाहेर पाठवले तर, या भीतीने घरचे सामान गाडीत भरूनच लोक आले होते.

१५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लायलर विरुद्ध डो’ या नावाने गाजलेल्या या खटल्यात मुलांच्या बाजूने निकाल दिला. तोही पाच विरुद्ध चार असा काठावरचा. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांच्या निकालपत्राचा गाभा साधा होता : आईवडिलांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही, आणि निरक्षरांचा एक कायमचा वर्ग तयार करून राज्याचे काहीच भले होणार नाही. (आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ ने, वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारायला बंदी केली आहे. कागदाआधी मूल, हा विचार तोच.)

पण हा निकाल शाळेपुरता आहे. बारावी संपली की हा हक्क संपतो आणि राज्यांची मर्जी सुरू होते. दक्षिण कॅरोलायनाने २००८ मध्ये आणि अलाबामाने २०११ मध्ये सरकारी महाविद्यालयांची दारे अशा मुलांना बंद केली. जॉर्जियाने सर्वाधिक मागणीच्या सरकारी विद्यापीठांत त्यांना प्रवेश नाकारला. फ्लोरिडाने २०१४ मध्ये फी-सवलत दिली आणि २०२५ मध्ये काढून घेतली. म्हणजे एकाच देशात, सारखेच गुण मिळवलेल्या दोन मुलांपैकी एक विद्यापीठात जातो आणि दुसरा दारातूनच परत फिरतो. फरक फक्त आईवडिलांनी कोणत्या राज्यात खोली भाड्याने घेतली याचा.

कॅलिफोर्नियाने वाट कशी काढली?

१९९६ च्या केंद्रीय कायद्यात एक मेख आहे. राज्यात ‘वास्तव्य’ आहे या आधारावर कागद नसलेल्यांना उच्च शिक्षणात सवलत द्यायची असेल, तर तीच सवलत देशातल्या कोणत्याही नागरिकाला, तो कुठल्याही राज्यात राहत असला तरी, द्यावी लागेल. कॅलिफोर्नियाने २००१ च्या ‘एबी ५४०’ या कायद्यात वास्तव्य हा निकषच ठेवला नाही. तीन वर्षे कॅलिफोर्नियाच्या हायस्कुलात शिकलेला आणि तिथून पास झालेला, एवढीच अट. मग तो विद्यार्थी कागद नसलेला असो की हायस्कूलनंतर शेजारच्या नेवाडात राहायला गेलेला अमेरिकी नागरिक. याला आव्हान दिले गेले, पण २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा एकमताने उचलून धरला. नुसत्या शब्दांची हातचलाखी, असे टीकाकार म्हणतात. मला तसे वाटत नाही. मूल कुठे शिकले हा निकष, आईवडील कसे आले या निकषापेक्षा शिक्षणाच्या जास्त जवळचा आहे.

फरक किती पडतो? कॅलिफोर्निया विद्यापीठात बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला सुमारे ३७ हजार डॉलर जादा भरावे लागतात. रुपयांत तीस लाखांहून अधिक, तेही प्रत्येक वर्षी. हॉटेलात भांडी घासणाऱ्या किंवा द्राक्षमळ्यात राबणाऱ्या आईवडिलांच्या मुलासाठी ही सवलत नसेल तर प्रवेशपत्र हा नुसता कागद उरतो. केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज या मुलांना मिळतच नाही. २०११ च्या ‘कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट’ने राज्याच्या पैशांतून मदतीची सोय केली आणि तिच्यासाठी वेगळा अर्जही ठेवला, तो केंद्राच्या अर्जापासून मुद्दाम दूर.

मदत-केंद्रात प्रत्यक्ष काय चालते?

बर्कलेच्या विद्यापीठात २०१२ च्या सुमारास असे केंद्र सुरू झाले. आज अशी केंद्रे अनेक विद्यापीठांत आहेत. त्यांत क्रमिक पुस्तके उसनी मिळतात, अडीनडीला थोडे पैसे मिळतात, समुपदेशक असतो, फॉर्म भरायला मदत करणारे असतात. नवख्याला हे किरकोळ वाटेल. पण कोणत्या रकान्यात काय लिहायचे आणि कोणता रकाना कोरा ठेवायचा, हे सांगणारे माणूस समोर असणे म्हणजे काय, हे आपल्याकडे सेतू केंद्राच्या खिडकीशी डोमिसाइलसाठी किंवा जातपडताळणीच्या कचेरीत ज्यांनी चपला झिजवल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे वकील. अमेरिकेत फौजदारी खटल्यात आरोपीला सरकार वकील देते, पण हद्दपारीचा खटला दिवाणी समजला जातो. तिथे वकील हवा असेल तर स्वतःच्या पैशाने करायचा, नाहीतर एकट्याने उभे राहायचे. म्हणून डेव्हिस येथील विधी महाविद्यालयाशी जोडलेले कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मोफत कायदा केंद्र महत्त्वाचे ठरते. ते विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या जवळच्या कुटुंबीयांनाही सल्ला देते. अशा केंद्रात अनेकदा उलटाच शोध लागतो : आपल्याला काहीच मार्ग नाही असे समजणाऱ्या मुलाला प्रत्यक्षात मार्ग असतो. गंभीर गुन्ह्याला बळी पडून पोलिसांना सहकार्य केलेल्यांसाठी ‘यू’ व्हिसा आहे. आई किंवा वडिलांनी टाकून दिलेल्या अल्पवयीनांसाठी वेगळी तरतूद आहे, पण तिच्यासाठी वय एकविसाच्या आत हवे. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा वकिलाकडे गेलेल्या मुलाच्या हातून ती सुटलेली असते.

हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देणारी ओबामा यांच्या काळातली ‘डाका’ योजना १५ जून २०१२ रोजी आली. तिने लाखो तरुणांना दोन-दोन वर्षांचा काम-परवाना दिला. पण २००७ च्या जूनपासून सलग अमेरिकेत असल्याची तिची अट आहे, आणि टेक्सासच्या न्यायालयाच्या आदेशामुळे २०२१ च्या जुलैपासून नवे अर्ज मंजूर होणे थांबले. आज जे अठरा वर्षांचे होऊन कॉलेजात येतात, त्यांतल्या बहुतेकांना ‘डाका’ फक्त ऐकून माहीत आहे. काम-परवाना नाही म्हणजे वाचनालयात पुस्तके लावण्याची विद्यार्थी-नोकरीसुद्धा नाही. पदवीनंतर काय, हा प्रश्न तर त्याहून अवघड. सर्जिओ गार्सिया यांना वकिलीची सनद मिळायला २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. सनद मिळाली तरी कोणती कंपनी त्यांना पगारावर ठेवू शकेल, हा प्रश्न होताच.

विद्यापीठ सरकारला नावे कळवते का?

इथे एक गंमत आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुण्याहून ‘एफ-१’ व्हिसावर रीतसर एमएस करायला गेलेल्या मुलीची प्रत्येक नोंद विद्यापीठाला सरकारला द्यावी लागते. तिने किती विषय घेतले, पत्ता बदलला का, शिक्षण सोडले का, सगळे ‘सेव्हिस’ या सरकारी संगणक प्रणालीत जाते. एप्रिल २०२५ मध्ये याच प्रणालीतल्या हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारने अचानक रद्द केल्या. त्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. न्यायालयांत टीका झाल्यावर त्या परत चालू केल्या.

कागद नसलेल्या विद्यार्थ्याची नोंद ‘सेव्हिस’मध्ये नसते. त्याच्याबद्दल सरकारला कळवण्याचे कायदेशीर बंधन विद्यापीठावर नाही. उलट विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद त्याच्या संमतीविना बाहेर द्यायला १९७४ चा ‘फेर्पा’ हा केंद्रीय कायदा सर्वसाधारणपणे मनाई करतो. न्यायालयाचा आदेश किंवा समन्स आले तर द्यावी लागते, पण बहुतेक प्रकरणांत आधी विद्यार्थ्याला कळवण्याचा प्रयत्न करावा लागतो.

यावरून विद्यापीठाचे सर्वांत मोठे काम कोणते, ते कळते. न विचारणे आणि न लिहून ठेवणे. जी माहिती घेतलीच नाही, ती समन्स आले तरी देता येत नाही. म्हणून केंद्रांच्या कामाचा कस भिंतीवरच्या फुलपाखरांच्या चित्रांत लागत नाही. हजेरीची वही, मदतनिधीच्या लाभार्थ्यांची यादी, ईमेलचा विषय अशा कंटाळवाण्या जागी तो लागतो. ‘अनडॉक्युमेंटेड विद्यार्थी मदतनिधी’ या नावाने नावानिशी एक्सेल फाइल बनवणारा सज्जन कर्मचारी नकळत एक धोकादायक कागद तयार करत असतो.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने आणखी एक गोष्ट बदलली. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, प्रार्थनास्थळे इथे शक्यतो कारवाई करू नये, ही ‘आइस’ या यंत्रणेवरची जुनी मर्यादा काढून टाकली. त्यामुळे विद्यापीठांनी आपल्या लोकांना वॉरंटमधला फरक शिकवायला घेतला. न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट वेगळे, आणि ‘आइस’च्याच अधिकाऱ्याच्या सहीचे प्रशासकीय वॉरंट वेगळे. दुसऱ्याच्या जोरावर वसतिगृहाच्या कुलूपबंद भागात संमतीविना शिरता येत नाही, अशी विद्यापीठांची भूमिका आहे. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला हे माहीत असणे कुलगुरूंच्या निवेदनापेक्षा जास्त उपयोगाचे.

विद्यापीठांची हिंमत किती?

याच बाबतीत कॅलिफोर्निया विद्यापीठाची दोन रूपे दिसतात. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने ‘डाका’ बंद करायचे ठरवले, तेव्हा विद्यापीठ स्वतः फिर्यादी म्हणून न्यायालयात गेले. त्या वेळी विद्यापीठाच्या अध्यक्ष होत्या जॅनेट नेपोलिटानो. २०१२ मध्ये गृहसुरक्षा मंत्री असताना ‘डाका’च्या आदेशावर सही करणाऱ्या त्याच. १८ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारचा निर्णय फिरवला.

पण विद्यार्थी जेव्हा म्हणाले की आम्हाला कॅम्पसवरच नोकरी द्या, कारण १९८६ चा केंद्रीय कायदा राज्याच्या संस्थांना लागूच होत नाही, तेव्हा विद्यापीठाने पाय मागे घेतला. २०२४ च्या जानेवारीत नियामक मंडळाने हा विचार वर्षभर पुढे ढकलला. केंद्राचा निधी जाईल, कर्मचाऱ्यांवर खटले होतील, विद्यार्थीच अडचणीत येतील, ही कारणे होती. ती खोटी नव्हती. तरीही दुसऱ्याच्या आदेशाविरुद्ध लढणे सोपे आणि स्वतःच्या तिजोरीवर बेतले की सावध होणे हेही सोपे, असा याचा अर्थ मी घेतो. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने विद्यापीठाला या धोरणाचा पुन्हा विचार करायला सांगितले.

मराठी घरांचा संबंध काय?

हिंजवडीतून ‘एच-१बी’ व्हिसावर न्यू जर्सी किंवा टेक्सासला गेलेल्या कुटुंबाचे मूल ‘एच-४’ या अवलंबिताच्या व्हिसावर असते. ग्रीन कार्डासाठी अर्ज होतो, पण एका देशाला रोजगाराधारित कोट्यातला सर्वसाधारणपणे सात टक्केच वाटा मिळत असल्याने भारतीयांची रांग दशकांची आहे. रांग पुढे सरकत नाही, मूल मात्र वाढत राहते. एकविसाव्या वर्षी ते अवलंबित उरत नाही. तिसऱ्या वर्षापासून अमेरिकेत वाढलेल्या त्या मुलाला मग ‘एफ-१’ विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी सांगावे लागते की माझे खरे घर भारतात आहे आणि शिकून मी तिकडे परतणार. तो ‘तिकडे’ उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे राहिलेला असतो, तेवढेच.

‘डाका’ त्याला नाही, कारण १५ जून २०१२ रोजी कायदेशीर दर्जा नसणे ही त्या योजनेची अट होती. एबी ५४० च्या मूळ कायद्यातही तात्पुरत्या व्हिसावरच्यांना वगळले होते. ‘एच-४’वर असेपर्यंत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात त्याला स्थानिक फी मिळू शकते, पण ‘एफ-१’ झाला की तोच मुलगा, त्याच वर्गात, परदेशी विद्यार्थी ठरू शकतो. ‘एच-४’वर त्याला उन्हाळी नोकरीही करता येत नाही. अशा मुलांची संख्या दोन लाखांवर असल्याचे त्यांच्यासाठी काम करणारे सांगतात. त्यांना दिलासा देणारे विधेयक २०२१ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये पडून आहे. कागद नसलेल्यांसाठीचा ड्रीम ॲक्ट तर २००१ पासून. तो २०१० मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाला आणि सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ मते पडूनही अडला, कारण चर्चा संपवायला ६० लागतात.

रांगेत उभे राहिलेल्यांना रांग मोडणाऱ्यांचा राग येतो, हे समजण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या गप्पांत तो हमखास निघतो. पण एकवीस वर्षांच्या त्या मुलाला ज्या गोष्टी लागतात, म्हणजे मोफत वकील, केंद्राच्या पैशांवाचूनची शिष्यवृत्ती, मूल कुठे शिकले यावर ठरणारी फी, त्या सगळ्या कागद नसलेल्या विद्यार्थ्यांनी लढून उभ्या केल्या आहेत. त्या वाढवा असे म्हणण्यात त्याचाही फायदा आहे. टेक्सासमधल्यासारख्या त्या एका दिवसात गेल्या, तर त्याच्या वाट्याला येणार असलेलेही जाते.

ज्यांचे मूल आज एकोणीस-वीस वर्षांचे आहे, त्यांनी एक काम लगेच करावे. विद्यापीठात दोन कचेऱ्या असतात : एक परदेशी विद्यार्थ्यांची, दुसरी अनडॉक्युमेंटेड विद्यार्थ्यांची. ‘एच-४’वरचे मूल अनेकदा दोन्हींच्या यादीत नसते. दोन्हीकडे जाऊन विचारावे : एकविसाव्या वाढदिवसानंतर फी कोणत्या दराने लागेल, दर्जा बदलण्याचा अर्ज किती महिने आधी करायचा, आणि विद्यापीठाचा वकील आमच्याशी बोलेल का. उत्तर ईमेलवर मागावे. पण मुलाबरोबर खोलीत राहणाऱ्या मित्राचा विषय निघाला, तर त्याचे नाव त्या ईमेलमध्ये लिहू नये.